सरकारी सोडत आणि गरिबाचा रुपया

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर उभें राहावें किंवा सांगलीच्या एस. टी. स्थानकाबाहेर उभें राहावें. दोरीस टांगलेलीं रंगीबेरंगी तिकिटें विकणारी एखादी टपरी नजरेस पडावयास फारसा वेळ लागत नाहीं. तिकिटावर राज्य सरकारचें नांव असतें, क्रमांक असतो, आणि सोडतीची तारीख असते. त्याच दिवशींचें वर्तमानपत्र उघडावें तर आंतल्या पानावर अमुक गांवीं मटका घेणाऱ्या इसमास पोलिसांनीं पकडलें, त्याच्यापाशीं चिठ्ठ्या व रोख रक्कम सांपडली, आणि १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखालीं त्याच्यावर गुन्हा नोंदला, अशी चार ओळींची बातमी बहुधा असतेच. एकानें दहा रुपये घेऊन आंकडा लिहून दिला, तो गुन्हेगार. दुसऱ्यानें तितकेच रुपये घेऊन आंकडा छापून दिला, तो सरकारमान्य विक्रेता. हा भेद केवळ लिहिण्याचा व छापण्याचा आहे कीं आणखी कशाचा आहे, हें आमच्या वाचकांनीं एकदां शांतपणें पाहावें, अशी आमची इच्छा आहे.

सोडत म्हणजे काय, हें १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्यानें स्पष्ट सांगितलें आहे. तिकीट विकत घेऊन नशिबाच्या वांट्यांत भागीदार झालेल्या लोकांत, केवळ दैवयोगानें बक्षिसें वांटण्याची योजना, मग तिचें रूप कसेंही असो व तिला नांव कांहींही असो, ती लॉटरी. पैसा द्यावा, अक्कल चालवूं नये, आणि फळाची आशा धरावी, हीं तीन अंगें जेथें एकत्र येतात, त्यास साऱ्या जगाच्या भाषेंत जुगार म्हणतात. आणि ही व्याख्या आमची नव्हे. बी. आर. एंटरप्राइझेसच्या खटल्यांत १९९९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्वच्छ निकाल दिला कीं, राज्य सरकारनें चालविली म्हणून लॉटरीचें जुगारपण जात नाहीं. सरकारचा शिक्का बसल्यानें ती बेकायदेशीर राहत नाहीं, येवढेंच.

सरकार आणि सोडत यांचा हा संबंध आजचा नव्हे. कंपनी सरकारच्या अमदानींत कलकत्त्यास १८१७ सालीं खास लॉटरी कमिटी नेमिली गेली, आणि त्या शहरांतील रस्ते व तलाव यांसाठीं सोडतीचा पैसा खर्चीं पडूं लागला. खुद्द इंग्लंडनें आपली सरकारी सोडत १८२६ सालीं बंद केली. तिकडच्या लोकमतास हा मार्ग लाजिरवाणा वाटूं लागला व १८३६ सालीं कलकत्त्याची कमिटीही संपली. पुढें १८४४ च्या कायद्यानें सरकारी परवानगीवांचून काढलेल्या सोडती सार्वजनिक उपद्रव ठरविल्या, आणि १८७० सालीं पीनल कोडांत २९४-अ हें कलम घालून सोडतीची कचेरी चालविणें हा गुन्हा केला. मात्र सरकारनें मान्य केलेली सोडत त्यांतून वगळली. पीनल कोड गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या २९७ व्या कलमांत तीच तरतूद आणि तीच सवलत जशीच्या तशी बसली आहे. परकीय व्यापाऱ्यांची कंपनी आपल्या रयतेपासून सोडतीच्या मार्गानें पैसा काढीत होती, तेव्हां त्यास नांवें ठेवणें सोपें होतें. स्वराज्य आल्यावर तोच मार्ग आपल्याच लोकांनीं निवडलेल्या सरकारास कां सुचावा, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

त्याचें उत्तर १९६९ सालीं देण्यांत आलें. केरळानें १९६७ सालीं सरकारी लॉटरी सुरू केली. महाराष्ट्रानें १९६९ च्या एप्रिलांत आपली सुरू केली. त्या वेळीं मुंबईंत मटक्याचा सुकाळ होता. न्यू यॉर्कच्या कापूस बाजारांतील उघडत्या व मिटत्या भावांवर आंकडा लावण्याची जुनी चाल १९६१ सालीं तिकडचे भाव येण्याचें थांबल्यावर बंद पडावयाची. पण ती बंद न पडतां, १९६२ पासून वरळीस मडक्यांतून चिठ्ठ्या काढून चालूं लागली, आणि रतन खत्री यांच्या नांवानें १९६४ पासून तिचा देशभर विस्तार झाला. सातारा व सांगली जिल्ह्यांतील हजारों माणसें त्या काळीं मुंबईच्या गिरण्यांत होतीं. गणपतीस, होळीस गांवीं येतांना त्यांच्याबरोबर ट्रंका आल्या तसा आंकडाही आला. तेव्हां लोक खेळणारच आहेत, तर बेकायदेशीर मटक्याकडून त्यांस प्रामाणिक सरकारी सोडतीकडे वळवावें, म्हणजे गुंडाच्या खिशांत जाणारा पैसा सार्वजनिक कामीं लागेल, असा युक्तिवाद झाला. तो वरवर खोटा नव्हता. कौटिल्यानें याहून वेगळें कांहीं सांगितलेलें नाहीं. त्यानें द्यूताध्यक्ष नेमावयास सांगितला, खेळ एकाच ठिकाणीं चालवावा म्हटलें, आणि जिंकलेल्या रकमेंतून शेंकडा पांच राजानें घ्यावे असा दर बांधून दिला. याज्ञवल्क्याचाही कल त्याच बाजूस आहे. मनूनें मात्र राजानें द्यूत आपल्या राज्यांतून घालवावें, असें निक्षून बजावलें. म्हणजे १९६९ चा वाद आमच्याकडे दोन हजार वर्षांचा आहे, आणि दोन्ही पक्षांस शास्त्राधार आहे.

परंतु शास्त्राधार असला तरी फळ पाहिल्यावांचून निर्णय करितां येत नाहीं. पन्नासाहून अधिक वर्षें झालीं. सरकारी सोडतीनें मटका मेला काय? तो मेला असता तर त्या चार ओळींच्या बातम्या आज छापाव्या लागल्या नसत्या. उलट तिसरीच एक जात उत्पन्न झाली. 'ऑनलाईन लॉटरी' अशी पाटी दारावर, आंत संगणकाच्या पडद्यावर फिरणारी चक्री, आणि घडोघडी निकाल! १९९८ च्या कायद्यानें एका लॉटरीची आठवड्यांतून एकाहून अधिक सोडत काढूं नये, एकेरी आंकड्यावर बक्षीस देऊं नये, अशा अटी घातल्या, त्या उगाच घातल्या नव्हत्या. एकेरी आंकड्याच्या सोडतींनीं त्या दशकांत किती घरें धुवून निघालीं, हें पाहून घातल्या होत्या. त्या अटींस बगल देणारा माणूस कोणत्या शब्दाच्या आडोशास उभा राहतो? 'लॉटरी' ह्याच शब्दाच्या. रस्त्यावरून जाणाऱ्या हवालदारास आंत चाललेलें सरकारमान्य आहे कीं नाहीं, हें पाटीवरून कळत नाहीं. खेळणाऱ्यास तर मुळींच कळत नाहीं. मटक्यास पर्याय म्हणून उभें केलेलें झाड मटक्यासच सावली देऊं लागलें आहे.

आतां व्यापारी वाचकांस आवडेल अशी गोष्ट, म्हणजे हिशेब. २०२५ च्या सप्टेंबरच्या २२ तारखेपासून लॉटरीवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ वरून ४० झाला. कसिनो व घोड्यांच्या शर्यतींवरील पैजा यांच्या पंक्तीस सरकारनेंच आपल्या तिकिटास नेऊन बसविलें. हा कर तिकिटाच्या किंमतींतच धरलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकानें १४० रुपये दिले कीं ४० रुपये करांत गेले, १०० उरले. त्या शंभरांतून बक्षिसें, विक्रेत्याचें कमिशन, छपाई आणि सरकारचा नफा भागवावयाचा. क्षणभर असें समजूं कीं, विक्रेता धर्मार्थ बसला आहे, छापखाना फुकट आहे, आणि सरकारास नफ्याची इच्छा नाहीं. शंभरचे शंभर रुपये बक्षिसांत वांटले. तरी मोठें बक्षीस ज्याला लागलें त्याच्याकडून शेंकडा ३० प्राप्तिकर कापला जातो. राहिले ७०. १४० दिले, आणि अत्यंत उदार हिशेबानेंही मोठ्या बक्षिसाच्या वाटेनें ७० परत आले! मटक्यांत दहा आंकड्यांपैकीं एक लागतो व लागल्यास नऊपट मिळतात, असा सर्वसाधारण दर आहे. म्हणजे शंभरास नव्वद परत. आम्ही मटक्याची तरफदारी करीत नाहीं. त्यांत उधारी असते, वसुलीस येणारी माणसें असतात, हप्ते असतात, आणि रोज दोनदां खेळण्याचें व्यसन असतें. परंतु गुन्हेगार शंभरांतून दहा कापतो, आणि त्याच्यापासून रयतेचें रक्षण करण्यास निघालेली व्यवस्था निम्मे कापते, हें गणित कोणत्या अर्थशास्त्रांत शिकवितात?

दुसरा हिशेब गिऱ्हाइकाच्या बाजूचा. समजा, दहा लाख तिकिटांत एक मोठें बक्षीस आहे. एक गृहस्थ वयाच्या विसाव्या वर्षापासून दर आठवड्यास एक तिकीट घेतो व साठाव्या वर्षापर्यंत एकही आठवडा चुकवीत नाहीं. चाळीस वर्षांत त्यानें २,०८० तिकिटें घेतलीं. अशा नेमानें खेळणारे ४८० गृहस्थ एका मंडपांत जमविले, तर त्यांपैकीं सरासरीनें एकास ते बक्षीस जन्मांत एकदां लागेल. ४७९ जण रिकाम्या हातांनीं घरीं जातील. तिकीट ५० रुपयांचें धरलें तर प्रत्येकाचे १,०४,००० रुपये गेले, आणि त्यांवरील चाळीस वर्षांचें व्याज गेलें तें वेगळें. त्या एकाचा फोटो छापून येतो. ४७९ जणांचा फोटो कोणतेंही पत्र छापीत नाहीं, आम्हीही नाहीं; आणि सारी सोडत त्या एका फोटोवर चालते.

यावर आमचे कांहीं व्यापारी मित्र हंसून म्हणतात, "अहो, धंदा तरी दुसरें काय आहे? हळद भरून ठेवावी, भाव चढला तर मिळाले, पडला तर बुडाले." ज्या सांगलीनें हरिपूरच्या पेवांत हळद सांठवून देशभरच्या बाजारास भाव दाखविला, त्या सांगलीच्या तोंडीं हा आक्षेप शोभतो, म्हणून त्याचें उत्तर दिलें पाहिजे. हळद भरणाऱ्यानें जोखीम निर्माण केली नाहीं, ती होतीच. पाऊस पडेल कीं नाहीं, आंध्रांत व तामिळनाडूंत पीक कसें येईल, परदेशची मागणी किती राहील, ही अनिश्चितता शेतकऱ्याच्या डोक्यावर होती. व्यापाऱ्यानें पैसा देऊन ती आपल्या डोक्यावर घेतली, माल राखला, आणि ज्या महिन्यांत हवा त्या महिन्यांत पोंचविला. त्याचा नफा या सेवेची मजुरी आहे. सोडतींत मात्र आधीं कोणाचीही जोखीम नसते. ती कागदावर छापून विकण्यासाठीं मुद्दाम तयार केली जाते, आणि शेवटीं जगांत एक पेंडही माल वाढत नाहीं. आमचा कायदाही हाच भेद मानतो. १८७२ च्या कराराच्या कायद्याचें ३० वें कलम पैजेचा करार रद्द ठरवितें. आणि वायद्याचा सौदा पैज आहे कीं व्यापार, हें पाहतांना न्यायालय एकच विचारतें, माल देण्याघेण्याचा उभयतांचा मनापासून इरादा होता काय? ज्या वायद्यांत तसा इरादा कोणाचाच नव्हता, तो वायदाही आमच्या लेखीं सोडतीचाच भाऊ. हें सांगावयास आम्ही कचरत नाहीं, मग तो कितीही प्रतिष्ठित पेढीवर होवो.

मुंबई राज्याचा एक खटला ह्या संदर्भांत प्रत्येक सुशिक्षितानें वाचण्यासारखा आहे. बंगळुरास छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकांतून शब्दकोड्यांच्या बक्षीस-योजना चालत. गिऱ्हाइकें मुंबई राज्यांतलीं. मुंबई सरकारनें १९४८ च्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धा कायद्याखालीं त्यांवर कर बसविला. चालकांनीं व्यापार-स्वातंत्र्याचा मूलभूत हक्क पुढें केला. १९५७ सालीं सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनीं ऋग्वेदांतल्या जुगाऱ्यापासून महाभारतापर्यंत व स्मृतींपर्यंत सारा इतिहास सांगून निकाल दिला कीं, जुगार हा व्यापारच नव्हे. राज्यघटनेनें व्यापारास दिलेलें संरक्षण त्यास मिळावयाचें नाहीं. तो खटला मुंबई सरकारनें जिंकला. आणि बारा वर्षांनीं त्याच मुंबईंतून, त्याच राज्याच्या वारस सरकारनें स्वतःचीं तिकिटें विक्रीस काढलीं!

सार्वजनिक कामास पैसा हवा, तो कोठून आणावा, हा खरा प्रश्न आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु या दोन जिल्ह्यांस, जे १९४९ च्या पूर्वीं संस्थानांचे तुकडे वगळतां बव्हंशीं एकच सातारा होते, त्यांस तरी या प्रश्नाचें उत्तर सोडतीपासून शिकण्याचें कारण नाहीं. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागून पैसा फंड उभा केला, आणि त्यांतून तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. पैसा देणाऱ्या कोणासही बक्षिसाचें आमिष नव्हतें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आणलें. वसतिगृहांतल्या मुलांच्या पोटासाठीं गांवोगांवच्या बायकांनीं दळतांना एक मूठ धान्य बाजूस काढून ठेवलें. पैसा तर त्यांच्यापाशीं नव्हताच. त्या मुठींतून जें उभें राहिलें, तें आज महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं दिसतें. मूठ देणारी बाई आणि तिकीट घेणारा तिचा नातू, दोघेही गरीबच. एकीपाशीं मागतांना तूं दुसऱ्याच्या मुलास शिकव असें सांगितलें. दुसऱ्यापाशीं मागतांना दुसरे सर्व हरले तरच तूं जिंकशील असें सांगितलें. पैसा दोन्ही मार्गांनीं जमतो. पण कर म्हटला कीं तो श्रीमंतावर अधिक बसावा, असें आपण म्हणतों. सोडत हा असा कर आहे कीं, तो ज्याच्यापाशीं दुसरी आशा नाहीं त्याच्यावरच बसतो, आणि तो आपखुषीनें देतो म्हणून त्याच्या बाजूनें कोणी ओरडत नाहीं. माण, खटाव, जत, आटपाडी येथील शेतकऱ्याचें अर्धें आयुष्य पावसाच्या सोडतींत जातें. त्यास आणखी एक सोडत विकणें ही कोणत्या कल्याणकारी राज्याची सेवा?

विरुद्ध पक्षाचे दोन आक्षेप मात्र गंभीर आहेत. टपरीवर बसणारे विक्रेते लहान माणसें आहेत, त्यांत अपंगही आहेत. सोडत बंद झाल्यास त्यांचें काय? याचें उत्तर, त्यांस दुसरा परवाना, दुसरी टपरी, भांडवलास कर्ज देणें हें सरकारचें कर्तव्य आहे, असें आम्ही देतों; त्यांच्या पोटासाठीं इतरांच्या पोटास चिमटा काढणें हें उत्तर नव्हे. दुसरा आक्षेप असा कीं, बंदी केली कीं धंदा जमिनीखालीं जातो. जातो, हें खरें. तामिळनाडूनें २००३ सालीं व कर्नाटकानें २००७ सालीं सर्व लॉटऱ्या बंद केल्या. मिरजेहून गाडी निघून शेडबाळ आलें कीं कर्नाटकाची ती हद्द लागते. तिकडे चोरून कांहीं चालत नसेल असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु तेथें गुन्हा हा गुन्हा आहे, सरकार त्यांत भागीदार नाहीं, आणि पोलिसास पाटी वाचून घोंटाळ्यांत पडावें लागत नाहीं. शिवाय कायद्याची एक अडचण अशी आहे कीं, तिचा विचार मुंबईंत फारसा झालेला दिसत नाहीं. १९९९ च्या त्याच निकालाप्रमाणें, जें राज्य स्वतः सोडत चालवितें, त्यास सिक्कीमच्या किंवा नागालँडच्या सोडतीस आपल्या हद्दींत मज्जाव करितां येत नाहीं. स्वतःची बंद केली तरच परक्याची बंद करण्याचा हक्क पोंचतो. म्हणजे महाराष्ट्राची सोडत ही साऱ्या ईशान्येच्या सोडतींस आमच्या दारीं येण्याचा परवाना आहे. नफा त्यांचा, नुकसान आमच्या माणसांचें, असा हा व्यवहार!

संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें मोबाईलवरील पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, आणि त्यासाठीं कुटुंबांच्या नासाडीचीं कारणें दिलीं. तींच कारणें कागदी तिकिटास लागू पडत नाहींत, असें सांगणारा वकील आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

नागरिकांकडेही थोडें पाहूं. दिवाळींत दुकानदार 'भाग्यवान ग्राहक' निवडतात, उत्सवाच्या मंडळांची वर्गणी बक्षिसाच्या कुपनावर गोळा होते, आणि 'लकी ड्रॉ'ची भिशी तर गल्लोगल्लीं आहे. साधी भिशी ही परस्परांच्या विश्वासाची जुनी व उपयुक्त चाल आहे. पण ज्या भिशींत नंबर लागलेल्यानें पुढले हप्ते भरावयाचे नसतात व उरलेल्यांस शेवटीं भांडीं किंवा शिलाईचें यंत्र मिळतें, ती १९७८ च्या प्राइझ चिट बंदी कायद्याखालीं सरळ गुन्हा ठरूं शकते, हें चालविणाऱ्यांस व भरणाऱ्यांस दोघांसही बहुधा ठाऊक नसतें. पैसे बुडाल्यावर लोक वकिलाकडे येतात. तेव्हां त्यांस सांगावें लागतें कीं, तुमच्या पावतीचा उपयोग वसुलीपेक्षां फिर्यादीसच अधिक आहे.

सोडतीचा कारभार वित्त विभागाकडे आहे, आणि त्या विभागाच्या मागण्या अर्थसंकल्पाच्या अधिवेशनांत विधानसभेपुढें येतात. सातारा व सांगलीच्या आमदारांनीं, ते कोणत्याही पक्षाचे असोत, त्या वेळीं उठून विचारावें: सरत्या वर्षीं या दोन जिल्ह्यांत किती रुपयांचीं तिकिटें विकलीं गेलीं, त्यांतून बक्षिसांच्या रूपानें येथें किती परत आले, आणि कर व खर्च वजा जातां सरकारच्या हातीं काय राहिलें? सोडत मिटविण्याचा निर्णय होईपर्यंत, सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापतात तसें, प्रत्येक तिकिटाच्या दर्शनी बाजूस, मोठ्या मराठी अक्षरांत, एकूण तिकिटें किती व मोठें बक्षीस लागण्याचा संभव कितींत एक, हें छापण्यास सरकार तयार आहे काय? आणि जिल्हा पोलीस प्रमुखांकडे सरकारमान्य विक्रेत्यांची यादी आहे काय, व असल्यास ती प्रत्येक नगरपालिकेच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावण्यास अडचण कोणती? पहिल्या प्रश्नाचें उत्तर लेखी मागावें.